सुनंदाचं ‘आपण’

सुनंदा प्रश्न विचारायची आणि गप्प बसायची. विलायतेत, हॅरोच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं तिच्याभोवती जमिनीवर बसलेली असत. ‘मग, आपण काय करूया?’ एवढं म्हणून ती पिशवीतून विणकाम काढी. मुलं चुळबुळत, एकमेकांकडे बघत, ही ढिम्म. शेजारच्या खोलीत मी मराठीचा वर्ग घेत असे. दारातून ते बघून माझाच जीव वर-खाली होई.

ती नागपूरची, क्रॉयडनला कुठल्याशा कंपनीत कामाला. आसपासचा पर्यावरणाचा एखादा प्रश्न मुलांनीच शोधायचा, त्यावर नवा उपायही त्यांनीच काढायचा, आणि त्यातून पुढारपण शिकायचं, असा तिचा उपक्रम. ‘यूथ लीडरशिप’ हे नाव ऐकून मी मनातल्या मनात हसले होते. पण बघता बघता माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिच्याकडे गेली. माझी लेक ऋचासुद्धा.

एकदा न राहवून मी म्हटलं, की अगं, जरा सुचवत जा त्यांना, किती वेळ वाया जातो.

‘काहून घाई करता, मीनाताई? आपण बोललो का त्यायचं राहून जाते.’

मुलांनी शेवटी शोधलं ते आमच्याच नाकाखालचं. प्रत्येक समारंभानंतर थर्माकोलच्या ताटल्यांनी काळ्या पिशव्या भरून जात. मुलांनी घरोघरच्या लॉफ्टमधून स्टीलच्या थाळ्या गोळा केल्या. समारंभाला त्या द्यायच्या आणि नंतर स्वतः घासायच्या. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस येऊन शाबासकी देऊन गेला. माझ्या लग्नातल्या थाळ्याही ऋचाने नेल्या. घरी कप न विसळणारी माझी लेक तिथे बाह्या सारून थाळ्या घासत होती, आणि सुनंदा शेजारी उभी राहून पुसत होती. ती जागा माझी होती, असं मला वाटत राहिलं.

त्यात ते ‘आपण’. इंग्रजीतल्या ‘वी’ला ऋचा सरसकट ‘आम्ही’ म्हणायची. ‘आई, आम्ही आज काय जेवायचं?’ समोरच्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’, हे फळ्यावर लिहून लिहून मी थकले होते. सुनंदाकडे जाऊन ती ते शिकली, तेही व्याकरणाचं नाव न काढता. मला आनंद व्हायला हवा होता. पण इतका हेवा मी माझ्या जावेचाही कधी केला नव्हता.

पुढे सुनंदाचा व्हिसा संपला. निरोप द्यायला आम्ही मायलेकी स्टेशनवर गेलो. ऋचा तिला बिलगून म्हणाली, ‘ताई, आपण हे थांबवायचं नाही हं.’ सुनंदाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, ‘आता तुम्ही बसत जा या पोरांसोबत.’

गाडी गेली. घरी चालत येताना मी शक्य तितक्या सहज विचारलं, शनिवारी येऊ का मी तुमच्यात?

‘नको, आई,’ ऋचा म्हणाली. ‘आम्ही करू.’

सवयीने मी तोंड उघडलं. पण दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.