पंचमीचं दूध

मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं नऊ. हळदीकुंकवाला बायका आठ घरी जायच्या. आमच्याकडे कुणी पाऊल टाकत नसे, कारण हॉलमध्ये काचेच्या पेटीत अजगर होता. देश सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाने तो माझ्या मुलीला दिला होता. तपकिरी, हातभर लांब, घाबरला की स्वतःला गुंडाळून घेणारा. मुलगी तेव्हा नववीत, त्याच्यावर जीव टाकायची. नवरा सोहारला कारखान्यात, सुट्टीपुरता घरी. दिवसभर मला सोबत त्या सापाची, आणि त्याला ऐकू येत नाही.

त्या श्रावणात वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ग्रुपवर टाकलं, "वहिनी, यंदा पंचमीची पूजा तुमच्याकडे करूया का? तुमच्याकडे तर खराखुरा आहे!" अजगर म्हणजे नाग नव्हे, हे सांगायला हवं होतं. मी लिहिलं, "या ना सगळ्याजणी." चार वर्षं ज्यांनी मला लिफ्टमध्ये नुसती मान हलवून दाखवली, त्यांच्यासाठी मी पडदे धुतले. आज त्याची लाज वाटते.

साप दूध पीत नाही, हे मला माहीत होतं. मी बी.एस्सी. झालेली बाई. पण तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो, हेही माहीत होतं. गारुडी पंचमीआधी तेच करतात. मुलगी शाळेच्या सहलीबरोबर चार दिवस सलालाला गेली होती. फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली होती, 'पाणी रोज चेंज कर.' ती गेली त्याच दुपारी मी पेटीतलं पाण्याचं भांडं काढून घेतलं.

पंचमीच्या सकाळी आठहीजणी आल्या. लाह्या, फुलं, वाटीत दूध. कुणीतरी त्याच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं, कुणीतरी चमच्याने दूध तोंडाशी सोडलं. तो प्यायला. मग वाटीतसुद्धा, अक्षरशः तोंड बुडवून प्यायला. "प्यायला हो, प्यायला!" मोबाइल वर झाले. मी मधोमध उभी, जरीकाठाची साडी नेसून, मिरवत. त्या गेल्यावर पेटी पुसली, भांडं परत ठेवलं. संध्याकाळी मुलगी आली, तेव्हा घर जसंच्या तसं होतं.

आठवड्याभरात त्याच्या नाकपुड्यांवर बुडबुडे दिसू लागले. मान वर करून, तोंड उघडं टाकून तो श्वास घ्यायचा, आणि बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. मुलगी म्हणाली, "आई, त्याला ब्रीदिंगचा प्रॉब्लेम आहे. आत्ताच्या आत्ता जाऊया."

जनावरांच्या तीन दवाखान्यांनी फोनवरच हात वर केले. चौथा अल अमेरातला सापडला. मांजरं तपासणारे केरळचे डॉक्टर, पण सापाला हात लावायला तयार झाले. त्यांनी विचारलं, "इसके मुँह में कुछ गया क्या? दूध, पावडर, कुछ भी?"

मी तोंड उघडण्याआधी मुलगी ठसक्यात म्हणाली, "नो, डॉक्टर. हम लोग ऐसा कुछ नहीं करते. मेरी मम्मी को सब पता है."

मी मान डोलावली.

मग एसीची थंडी लागली असेल, असं ठरलं. एक दिवसाआड इंजेक्शन. ती धरायची, मी टोचायचे. दर वेळी ती त्याला सांगायची, "सॉरी, मी ट्रिपला जायला नको होतं. मी हीट लॅम्प नीट चेक नाही केला." मी सुई धरून ऐकायचे. आज सांगू, उद्या सांगू करत अकरा इंजेक्शनं झाली. खरं कळलं असतं तर डॉक्टरांनी वेगळं औषध दिलं असतं का, हे मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही.

बाराव्या इंजेक्शनाच्या सकाळी तो पाण्याच्या भांड्यावर मान टाकून पडला होता.

बायकांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली, आणि पुढच्या संक्रांतीला मला आठही घरांची बोलावणी आली. मी गेलेसुद्धा.

मुलगी आता दूर देशी नोकरी करते. मध्ये फोनवर म्हणाली, शेजारीण मांजराचं पिल्लू देत होती, पण नको म्हटलं. "मला नाही जमत, आई. माझ्या केअरलेसनेसने एक गेलाय ना." मी म्हटलं, "जाऊ दे गं, लहान होतीस तू." ती म्हणाली, "तू कधीच मला ब्लेम नाही केलंस." आणि मी तिला विचारलं, जेवलीस का.