नव्याण्णव हजार सहाशे बारा

मोटारसायकल चालवायला मी बावन्नाव्या वर्षी शिकलो. तोवर बडोद्यात माझे काम बस, रिक्षा आणि वडिलांच्या मागची सीट यांवर भागत होते. महाविद्यालयात शिकवू लागल्यावरही कित्येक वर्षे वडीलच मला फाटकापाशी सोडत आणि मी विद्यार्थ्यांची नजर चुकवून उतरत असे. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे साथ देईनासे झाले, तेव्हा किल्ली माझ्या हातावर ठेवून त्यांनी एकच अट घातली: "मीटरवर लक्ष ठेव. लाख पुरे होताना मला बोलाव."

गाडी त्यांनी रेल्वेच्या नोकरीत असताना नवी घेतली होती. तिच्या मीटरमध्ये आकड्यांना घरे पाचच. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवच्या पुढे ती पाचही एकदम फिरून शून्ये येणार, आणि ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. त्यांचे वय एक्याऐंशी; चांगला डोळा एकच. रोज संध्याकाळी मी मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत गाडी लावून वर आलो, की चपला काढण्याआधीच प्रश्न येई: "किती?"

एके सकाळी वेगाचा काटा थरथरू लागला, तिसावरून साठावर उडाला आणि शेवटी शून्यावर जाऊन बसला. खालचा आकडाही गोठला: नव्याण्णव हजार सहाशे बारा. एरवी काटा चाळिसाच्या अलीकडे दिसला की माझा जीव थाऱ्यावर असे. आता आपण फार वेगात आहोत असे वाटून मी वेग कमी करी, मागून हॉर्न वाजले की वाढवी, आणि वर्गात उभा राहूनही हाताची मूठ आवळत असे. केबल बदलून उपयोग झाला नाही. दोष मीटरच्या आतल्या दातेरी चाकात होता. आमच्या मेकॅनिकने मला पाणीगेटजवळच्या एका मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे धाडले.

त्याने मीटर उघडले, आकड्यांची चाके सुटी करून फडक्यावर मांडली आणि मान वर न करता गुजरातीत विचारले, "साहेब, आंकडो केटलो राखुं?"

'होता तोच ठेवा,' एवढेच म्हणायचे होते. परंतु माझ्या मागे चार गिऱ्हाइके उभी होती, आणि इतक्या उघड गोष्टीविषयी तो विचारतो आहे त्या अर्थी प्रश्नात काही तांत्रिक मेख असावी, जी माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक आहे, असे मला वाटले. शंका आली तर विचारावी, हे मी तीस वर्षे इतरांना शिकवत आलो आहे.

"तमने ठीक लागे ते," मी म्हणालो.

तो समजूतदारपणे हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघालो. काटा इतका स्थिर होता, की घरी येईपर्यंत मी दुसरीकडे पाहिलेच नाही. गाडी लावताना खालचा आकडा दिसला: एकतीस हजार चारशे. जुनी गाडी विकायच्या आधी लोक आकडा कमी करून घेतात. त्याने मलाही त्यांतलाच एक समजून माझ्यावर मेहेरबानी केली होती.

"किती?" वडिलांनी विचारले.

"नव्याण्णव सहाशे सव्वीस," मी म्हणालो.

महाविद्यालयात जाऊन येण्याचे किलोमीटर चौदा; पुढचे तीन दिवस मी रोज त्यात चौदा मिळवत गेलो. जेवताना, पेपर तपासताना, जिना चढताना तो खोटा आकडा मनात पुढे सरकत राही. एका जागी बसणे अशक्य झाले. चौथ्या दिवशी वडील काठी घेऊन दारातच उभे होते.

"चल खाली. बघू दे एकदा मला."

"बाबा, थांबा. तो आकडा गेला."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

मी सगळे सांगितले.

"त्याने विचारलं, आणि तू म्हणालास, तुम्हाला वाटेल ते?"

"हो."

"न्हाव्यालाही असंच सांगतोस का रे?"

"हो."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले. "तरीच."

मी एकटाच जाऊन येतो म्हणालो, तर म्हणाले, "तू जाशील आणि आणखी कमी करून आणशील." आणि पँट चढवायला आत गेले.

मीटरवाल्याने कपाळावर हात मारला. "काका, लोको तो ओछा करावे छे! वधारे मांगनारा तमे पहेला." आकडा वाढवून मागणारे आम्हीच पहिले निघालो होतो. मग मीटर उघडून, स्टूल पुढे सरकवून तो म्हणाला, "हमणां ज लाख करी आपुं. अहीं बेसीने जोई लो."

वडील स्टुलावर बसले. वाकून त्या सुट्या चाकांकडे पाहू लागले. तिथेच बसून आत्ताच लाख पाहायला ते हो म्हणतील तर बरे, असे मला मनापासून वाटत होते. ती शून्ये दिसतील आणि माझी तगमग तिथेच संपेल.

"तू सांग," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "किती ठेवायचा?"

मागे पुन्हा माणसे उभी होती. मनाने रचलेले आकडे मी तीन दिवस त्यांना ऐकवले होते. त्यांत आणखी एकाची भर घालणे मला जमेना.

"नव्याण्णव हजार सहाशे बारा," मी म्हणालो. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.

मीटरवाला खांदे उडवून कामाला लागला. मीटर बसल्यावर वडिलांनी चांगला डोळा काचेला टेकवून आकडा वाचला आणि माझ्या खांद्याचा आधार घेत मागे बसले. घराकडे वळायला मी इंडिकेटर दिला.

"वळू नकोस. गोत्रीला चल."

"गोत्रीत कोण आहे?"

"कोणी नाही. लांब आहे."

मी निघालो. काटा पस्तिसावर होता. डावीकडून एक रिक्षा आम्हांला मागे टाकून गेली, आणि मागून आवाज आला, "अरे, जरा पळव. माझ्याजवळ इतका वेळ नाही."