हवालदार गायकवाड आणि राँग साइड

माझं शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या पहाडात होतं. सैन्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी सुभेदार होतो. काम एकच, खालच्या बेसवरून वरच्या चौक्यांपर्यंत रेशन, रॉकेल आणि जवान पोचवायचे. रस्ता अरुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. गोळीबार क्वचित व्हायचा. रस्ता रोजच असायचा.

हवालदार प्रकाश गायकवाड हा माझा सर्वांत भरवशाचा ड्रायव्हर. माझ्यासारखाच पुण्याचा, शिवण्याचा. सकाळी निघण्याआधी तेल, पाणी, टायर, ब्रेक तपासायचे हा नियम. नवे ड्रायव्हर कंटाळले की तो म्हणायचा, "गाडी बोलत न्हाई बाबांनो. तिला इचारावं लागतंय." नव्या माणसाला स्टिअरिंग देण्याआधी तो बरेच दिवस शेजारच्या सीटवर बसवून नुसता रस्ता बघायला लावायचा.

एका दुपारी आमचा कॉन्व्हॉय खिंडीतून खाली उतरत होता. मी पुढच्या जीपमध्ये होतो. मागे दोन ट्रक, त्यांच्यामागे गायकवाडचा. त्याच्या गाडीत रजेवर निघालेले जवान होते. रेडिओ खरखरला.

"साहेब, ब्रेक गेला."

रेडिओवर आम्ही हिंदीतच बोलायचो. तो मराठीत बोलला, त्यावरूनच मला काय ते कळलं.

"गेअर?"

"दुसऱ्यावर हाय. पुढच्या गाड्या थांबवू नका."

मी सगळ्यांना ऑर्डर दिली. "कोई नहीं रुकेगा. अगले मोड़ के पार निकलो."

आधीपासून अंतर राखलेलं होतं, म्हणून त्याला पुढे मोकळा रस्ता मिळाला. इंजिनच्या जोरावर वेग रोखत, हॉर्न वाजवत त्याने गाडी कड्याकडे घेतली. चाकं कडेच्या चरात उतरवली आणि बॉडी खडकाला घासत नेली. आरसा गेला, दरवाजा चेपला. गाडी थांबली. आतले सगळे जवान आपल्या पायांनी खाली उतरले. गायकवाडने आधी चाकांखाली दगड लावून घेतले. मग उतरलेले जवान मोजले.

"शाबास," मी म्हणालो.

"शिकवलंय तेच केलं, साहेब."

पुढे आम्ही दोघंही निवृत्त होऊन पुण्यात आलो. तो शाळेची बस चालवू लागला. मुलं त्याला फौजी काका म्हणत. सगळी मुलं जागेवर बसल्याशिवाय बस हलायची नाही. मागचे लोक हॉर्न मारायचे. तो ढिम्म.

गेल्या वर्षी भर दुपारी तो कर्वेनगरातून स्कूटरवर घरी निघाला होता. डोक्यावर हेल्मेट, पट्टा लावलेला. आपली बाजू, बेताचा वेग. समोरून राँग साइडने कार आली. पुढचा यू-टर्न जरा लांब पडतो, म्हणून. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

पोलीस चौकीत कार चालवणारा बसला होता. पंचविशीतला, आयटीत नोकरी करणारा. मी त्याला विचारलं, "गाडी कुणी शिकवली?"

"क्लास लावला होता, अंकल. चार-पाच वेळाच गेलो. बाकी लायसन्सचं त्यांनीच मॅनेज केलं."

"आणि राँग साइड?"

"तिथे सगळेच तसे येतात."

तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. माझं डोकं त्यानेच जास्त फिरलं.

त्याचे वडील मध्ये पडले. "अहो सुभेदारसाहेब, आपण समजून घ्या. मुलाकडून चूक झाली. त्याचं सगळं करिअर पुढे आहे."

"गेअर चुकीचा पडला तर ती चूक," मी म्हणालो. "उलट्या बाजूने शिरायचं हे ठरवावं लागतं."

गायकवाडची बायको सुनंदा बाकावर बसली होती. मांडीवर त्याचं हेल्मेट. ती एवढंच म्हणाली, "साहेब, ह्यांनी तर सगळं नीट केलं होतं ना?"

"हो वहिनी. सगळं."

या शहरात हॉर्न सगळ्यांना वाजवता येतो, आरशात बघायला कुणी शिकलेलं नाही. सिग्नल हा सल्ला समजतात. झेब्रा क्रॉसिंगवर म्हाताऱ्या माणसाने पळायचं, हा इथला शिष्टाचार. मुलाच्या गणिताच्या क्लाससाठी आईबाप शहर पालथं घालतात आणि गाडी शिकवायची वेळ आली की विचारतात, लवकरात लवकर कधी होईल? फौजेत रायफल न शिकवता कुणाच्या हातात देत नाहीत. इथे दीड टनाची कार देतात, वर पेढे वाटतात.

प्रजासत्ताक दिनाला एका सोसायटीने मला बोलावलं. मी गायकवाडबद्दल बोलायला लागलो. सेक्रेटरी कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, ट्रॅफिकचं नको. बॉर्डरवरचं काहीतरी सांगा ना." मी खिंडीतला प्रसंग सांगितला. टाळ्या पडल्या. मग कर्वेनगरचं सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही, ते बरंच झालं. कार्यक्रम संपला आणि पहिल्या रांगेतले दोघे गाडी घेऊन गेटातून बाहेर पडले ते थेट उलट्या बाजूने. छातीवर तिरंग्याची पिन तशीच होती.

गायकवाडला ड्यूटीवर मरण आलं नाही, त्यामुळे कुठल्या स्मारकावर त्याचं नाव लागणार नाही. नियम मला माहीत आहेत, माझी तक्रार नाही. पण अपघाताच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर एवढंच आलं होतं : कारच्या धडकेत दुचाकीस्वार ठार.

त्या दुचाकीस्वाराला नाव होतं. हवालदार प्रकाश तुकाराम गायकवाड. तो आपल्या बाजूने चालला होता.