आवरणारं औषध

फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे काटकोन म्हणत. त्याच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नसे. शिडीवरून पडून त्याचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दारू घेता?"

"नाव काढू नका," तो म्हणाला. शेजारी बायको होती, मुलीची सासू होती. बायकोने चादरीची सुरकुती काढली. वाळूच्या पोत्यातली बाटली तिला ठाऊक होती. त्याला चढलेली कुणी पाहिली नव्हती. हात स्थिर राहावा म्हणून तो सकाळीच घ्यायचा.

दोन दिवसांत तेच हात थरथरू लागले. उशी घामाने भिजली. "फरशी सरकतेय, धर!" म्हणत तो मोडक्या पायानिशी खाटेवरून उतरू लागला.

डॉक्टरीणबाईंनी बायकोला बाजूला घेतलं. "मेंदूच्या पेशी रसायनांतून एकमेकींशी बोलतात. एक रसायन चेतवतं, दुसरं आवरतं. रोज दारू मिळाली की आवरायचं काम तीच करते, मग मेंदू आपलं आवरणं सैल सोडतो, चेतवणं वाढवतो. दारू अचानक तुटली की नुसतं चेतवणं उरतं. ते अति झालं की झटके येतात, पेशी मरतात. आवरणारं औषध आहे. पण ते किती पीत होते, ते खरं सांगा."

विहीणबाई थर्मास घेऊन मागेच उभ्या होत्या.

"घेतात," बायको खाली बघत म्हणाली. "कधीमधी. थोडीशी."

तेवढ्या अंदाजाने औषध दिलं. थरथर थांबेना. संध्याकाळी त्याने डोळे उघडले.

"सांगितलंस?"

"हो."

"किती?"

"कधीमधी, थोडी."

"अगं, मी काय पाहुणा आहे?" तो हसायला गेला, तर दात वाजले. "जा, खरं सांगून ये."

"त्या बसल्यात ना समोर."

ती उठलीच नाही. पाय उचलत नव्हते, आणि ते का उचलत नाहीत हे तिला नीट कळत होतं.

मग तोच ओरडला. "डॉक्टर! रोज! सकाळपासून, बाटली संपेपर्यंत!"

सगळ्या खाटांवरची डोकी वळली. विहीणबाई पिशवी आवरू लागल्या.

औषध वाढवलं. हळूहळू त्याचे हात चादरीवर निपचित पडले आणि त्याला झोप लागली. बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला, लगेच काढून घेतला. तो जागा असता तर तिला तेवढंही जमलं नसतं.