मशीन थांबल्यावर

नव्या जीन्सच्या निळीचा वास आला की मला उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पमधला तो शुक्रवार आठवतो. सातवा महिना सरत आला होता, तरी मी कारखान्यात पोट मशीनच्या टेबलाला टेकवून दिवसभर जीन्सच्या पँट शिवायची आणि बाळ सारखं नाचतंय म्हणून शेजारणींपुढे मिरवायची. केवढी मी शहाणी! दुपारी लाइट गेली, सगळ्या मशिनी थांबल्या आणि माझ्या पोटातलं नाचणंही थांबलं. मशीनची थरथर मी बाळाची समजत होते. ते खरं शेवटचं कधी हललं होतं, काही केल्या आठवेना. "अम्मा, हिचं बाळ हलत नाय म्हणते!" शेजारणीने शेठच्या म्हाताऱ्या सिंधी आईला हाक मारली. अम्माने मला कापडाच्या गठ्ठ्यावर डाव्या कुशीवर निजवलं, गूळ चारला आणि पोट चाचपत राहिली. "सर नीचे है, पीठ इधर. डर मत." मी घाबरलेच नव्हते. रडूही येत नव्हतं. बंद पंख्याची पाती तेवढी बघत होते. बऱ्याच वेळाने बरगडीखाली धक्का बसला. "मारा! लात मारा!" अम्मा ओरडली, बायका हसल्या आणि मी विचारलं, "लाइट आली का?" तीच लेक आता दोन पोरांची आई आहे. तेव्हा तुला कसं वाटलं, असं ती विचारते, आणि मी बिनदिक्कत सांगते की आभाळ ठेंगणं झालं. काहीच वाटलं नव्हतं, हे सांगायचा धीर मला या वयातही होत नाही.