गाडीवर नसलेले हातमोजे

"नानांची पोरगी आहे ना, ती घालेल बरोबर वाक्यात. इंग्रजी शाळेची आहे ती."

लोखंडी कपाटाच्या पलीकडे बसून साहेब हे कोणाला तरी फोनवर सांगत होते. कपाटाच्या अलीकडे कॉम्प्युटरसमोर मी होते. नाना म्हणजे माझे पप्पा. अग्निशमन केंद्रात त्यांना सगळे नानाच म्हणतात. ते बाहेर बाकावर बसले होते. दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले आणि मांडीवर उताणे ठेवलेले, कोणी काही देणार असल्यासारखे. ते हात कसे भाजले, याचा अहवाल मला टाइप करायचा होता.

केंद्र कुठल्या गावचं ते मी लिहीत नाही. जळगावहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या गावांपैकी एक. एक बंब आणि सात माणसं. कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा कित्येक वर्षं रिकामी. मी दहावीत असताना पप्पा एकदा मला तिथे घेऊन गेले आणि साहेबांना म्हणाले, "माझी मुलगी करेल." त्यांना किती बरं वाटलं होतं ते मला दिसलं, म्हणून नाही म्हणता आलं नाही. तसंही मला नाही म्हणता येत नव्हतंच. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे आणि घरी इंग्रजी बोललं की चुलत भावंडं हसायची. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. त्या ऑफिसात पाच वर्षांत मी "झालं" आणि "प्रिंट काढू का सर?" यापलीकडे क्वचितच काही बोलले असेन.

काम सोपं होतं. बंब परत आला की वर्दीच्या वहीत चार ओळी लिहिल्या जायच्या. वर्दी, म्हणजे आगीची खबर, किती वाजता आली, बंब किती वाजता निघाला, कधी पोचला, आग कधी विझली. बंबावरचं घड्याळ कोणी बघत नसे. परत आल्यावर चहा पिताना सगळे मिळून वेळा ठरवायचे. गाडी जळाली असेल तर विम्यासाठी मालकाला अहवाल लागतो, आणि इंग्रजी कागद दिला की विमावाले प्रश्न कमी विचारतात असं साहेबांचं मत होतं. म्हणून मी. कारणाच्या रकान्यात नेहमी शॉर्टसर्किट. एकदा मी धीर करून पप्पांना विचारलं की प्रत्येक वेळी तेच कसं? साहेबांनी ऐकलं आणि हसून म्हणाले, "अगं, वायर कधी कोणाशी भांडायला येत नाही."

पहिल्या अहवालात शेवटी एक जागा रिकामी राहत होती, कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची. मी पप्पांना विचारलं, इथे काय लिहू? ते म्हणाले, "लिही काहीतरी चांगलं." मी लिहिलं. सर्व कर्मचाऱ्यांनी विहित सुरक्षा साधने वापरून काम केले, अशा अर्थाचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "वा! याला म्हणतात शिक्षण." पप्पा दारात उभे राहून लाजल्यासारखे हसले.

त्यानंतर प्रत्येक वेळी मी जुनीच फाईल उघडायची. गाडीचा नंबर बदलायचा, जागा बदलायची, वेळा बदलायच्या. ते वाक्य तसंच राहायचं. धुळ्याला कॉलेजला गेले तेव्हा देवपूरच्या खोलीवर बसून मी मोबाईलवर ही कामं करून पाठवली आहेत. आमच्या गाडीवर, म्हणजे बंबावर, हातमोज्यांचा एक जोड होता आणि त्याचे तळवे फाटले होते. पुढे तोही राहिला नाही. हे मला माहीत होतं. पप्पांचा काजळीने काळा झालेला गमछा घरी मीच भिजत घालायचे. माहीत असूनही वाक्याला हात लावला नाही, कारण ते वाक्य सगळ्यांना आवडत होतं.

पप्पांचे हात भाजले त्या दिवशी दुपारी हायवेवर कापसाने भरलेल्या पिकअपने पेट घेतला. ड्रायव्हर उडी मारून बाहेर पडला होता. बंब चालवणारे आबा मला नंतर दवाखान्याच्या पायरीवर सगळं सांगत होते. त्यांनी बंब वाऱ्याच्या बाजूने, अंतर राखून उभा केला. दोघांनी नळी बाजूने नेली, कारण पेटलेल्या गाडीच्या तोंडासमोर कधी उभं राहायचं नसतं. आग इंजिनात होती. बंद बॉनेटवर मारलेलं पाणी नुसतं ओघळून जातं, आत पोचत नाही. आणि मागे कापूस. एकदा त्याने पेट घेतला की वरून विझलेला दिसतो आणि आत दोन दिवस धुमसतो. बॉनेट थोडं उचलणं भाग होतं. पप्पांनी ओला गमछा हातांना गुंडाळला आणि पत्रा उचलला. तापलेल्या लोखंडावर ओलं कापड टेकलं की वाफ होते आणि वाफ ज्वाळेपेक्षा वाईट भाजते, हे नव्या पोरांना पप्पाच शिकवायचे.

कापूस वाचला. साहेबांनी स्वतःच्या गाडीतून पप्पांना दवाखान्यात नेलं, हेही लिहायला हवं.

पण चार दिवसांनी वरून पत्र आलं की कर्मचारी जखमी कसा झाला त्याचा खुलासा पाठवा. साहेब फोन ठेवून कपाटाला वळसा घालून माझ्याकडे आले. हातात माझ्या अहवालांची फाईल होती.

"हे बघ बेटा," ते म्हणाले, "पाच वर्षांच्या प्रत्येक कागदावर लिहिलंय की साधनं वापरली. म्हणजे साधनं होती. आता नव्हती म्हटलं तर मागचं सगळं खोटं ठरतं, आणि सह्या माझ्या आहेत. तू असं टाक, साधने उपलब्ध असूनही संबंधित फायरमनने ती वापरली नाहीत."

"मग पप्पांचं काय होईल सर?"

"ताकीद मिळेल. सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद होईल. थोडे दिवस गाडीवरून काढून पालिकेच्या नाक्यावर पहाऱ्याला बसवतील. दोनच वर्षं राहिलीत त्यांची, नाक्यावर सावली तरी आहे."

आबा दाराशी तंबाखू मळत उभे होते. आमच्याकडे न बघताच म्हणाले, "कागदमा बठ्ठं शे, गाडीमा काहीच नही." सगळं होतं ते कागदावरच, हे त्यांचं खरं होतं.

"आबा, तुम्ही बंब पुसा," साहेब म्हणाले.

"पुसस ना. फडकं तरी शे का पाहस."

बाहेरून पप्पांचा आवाज आला. ते सगळं ऐकत होते. "लिही बेटा, साहेब सांगतात तसं. साहेबांना कशाला अडचणीत आणायचं?" आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तीस वर्षं पेटत्या गाड्यांकडे चालत गेलेला माणूस कागदापुढे इतका लवकर मान खाली घालतो, याची मला त्यांच्यापेक्षा जास्त लाज वाटली. आणि तो कागद मी तयार केला होता, कुठल्या साहेबाने नाही. हात त्यांचे भाजले आणि दोष त्यांच्यावर टाकायला लागणारा सगळा पुरावा मी चांगल्या इंग्रजीत, एकही चूक न करता, जमवून ठेवला होता.

मी टाइप करायला लागले. निम्मं वाक्य झालं. साहेब मागे उभे राहून वाचत होते. "हं, पुढे?" ते म्हणाले. मी टाइप केलेलं पुसून टाकलं. त्यांना वाटलं स्पेलिंग चुकलं.

"काय झालं?"

खुर्ची वळवायचं धैर्य झालं नाही, म्हणून स्क्रीनकडे बघतच बोलले, पण बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"हातमोजे गाडीवर नव्हते सर. मागच्या सगळ्या अहवालांत ते वाक्य मी माहीत असूनही तसंच ठेवलंय, आज मी हेच सगळं लिहिणार आहे आणि खाली माझं नाव घालणार आहे."