श्रीपूरच्या उसात समतोल आहार

ऊसतोडीच्या बायकांना स्वयंपाक शिकवायचा, ही कल्पना पुण्यात पंख्याखाली बसलं की फार थोर वाटते. सत्तरच्या दशकात आमच्या मार्गदर्शक मॅडमना ती सुचली. पोषणशिक्षणाची फेलोशिप मिळालेली मी, वय तेवीस, तराजू, स्टोव्ह आणि छापील तक्ते सांभाळत त्यांच्यामागून सोलापूरला निघाले. काम मॅडमच्या मनासारखं झालं तर फेलोशिप आणखी एक वर्ष वाढणार होती. मला ती हवीच होती. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती.

पहिला मुक्काम शुक्रवार पेठेत, मॅडमच्या ओळखीच्यांकडे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. सोलापूरला गेलात तर हे खाच, फक्त पंगतीला आहारतज्ज्ञ नको. मॅडम चटणीतल्या तेलावर पाऊण तास बोलल्या आणि चटणी तीनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं श्रीपूर. पंढरपूरला गाडी बदलायची, वेळापूरनंतर अंग खिळखिळं करून घ्यायचं. त्यात उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या की ड्रायव्हर निवांत तंबाखू मळतो. पाणी आणि धीर बरोबर ठेवा.

प्रात्यक्षिक ठेवलं होतं सकाळी अकराला. समाजमंदिर भरलं, पण साहेबांच्या बायकांनी! तोडणीच्या बायका पहाटेच फडात गेलेल्या, हे आम्हा विदुषींना ठाऊकच नव्हतं. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या एका बाईंनी विचारलं, "गुळाऐवजी साखर चालेल का?" मॅडमनी सगळ्यांची हजेरी लाभार्थी म्हणून मांडली.

संध्याकाळी मात्र आम्ही तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, गेलो. ज्यांचा आहार अपुरा ठरेल, त्या गरोदर बायकांना बाळंतपणापर्यंत दूधभुकटी आणि शेंगदाणे मिळणार होते. रुक्मिणला सातवा महिना होता. चुलीपुढं बसून ती सांगत गेली: काल भाकरी, तुरीची डाळ, चवळीची पालेभाजी. मॅडम हरखल्या. "बघ, समतोल!" म्हणत शेजारच्या कोपीत शिरल्या.

मी सहज म्हटलं, "छान जेवता की तुम्ही."

रुक्मिण हसली. "मी कुटं? डाळ-भाजी मालकानं अन् पोरांनी खाल्ली. मी भाकरी अन् मिरची."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमी काय केलंतं ते इचारलं. ते सांगितलं की. शेवटी बसनारीला काय उरतंय, बाई?"

पूर्ण तक्ता 'घरात काय शिजलं' यावर बेतलेला. पुण्यात मॅडमसकट चार बायकांनी, स्वतः शेवटी जेवणाऱ्या बायकांनी, डोकं लावून तयार केलेला!

परतीच्या गाडीत मी मॅडमना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "एक नोंद बदलली की सगळ्या बदलाव्या लागतील. मग आपण केलं काय? आणि तुझं पुढचं वर्ष?"

रुक्मिणच्या नावापुढे 'पूरक आहाराची गरज नाही' असं मी माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली. मॅडमना नावं ठेवायला मला आजही आवडतं, पण ते अक्षर माझंच आहे. फेलोशिप वाढली.

घरी पोचले तेव्हा सगळ्यांची जेवणं चालली होती. आईनं मला गरम गरम वाढलं, आग्रह करकरून वाढलं. मग भांडी रिकामी झाल्यावर ती स्वयंपाकघरात एकटीच जेवायला बसली. तिच्या पानात काय होतं, ते मी बघितलंसुद्धा नाही.